बाणावर काय लिहायचं?

"हे चौथं प्रकरण चौथंच का?" सरांनी विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मुलांसाठी मातीवर एक पुस्तिका करायची होती. 48 पानं, वाचक 10 ते 14 वर्षांचे, हातात 10 आठवडे. लिहिणार मी, चित्रं काढणार माझी एक मैत्रीण, पानांची मांडणी करणारा एक मुलगा, आणि मजकूर तपासायला मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर. पहिल्याच आठवड्यात मी झपाट्यानं अनुक्रमणिका लिहून काढली होती. मातीचे प्रकार, मातीचे थर, मातीतलं पाणी, मातीतली हवा, मातीतले जीव, मातीतले क्षार, अशी एकाखाली एक 11 प्रकरणं. आराखडा झाला, आता बसायचं आणि लिहायचं, अशा समाधानात ती सरांना पाठवली. त्यांनी त्यातलं काहीच खोडलं नाही. एवढा एक प्रश्न विचारला. 'मातीतली हवा' पाण्यानंतर का आणि जीवांच्या आधी का? खरं उत्तर एवढंच होतं की मला ते त्या क्रमानं सुचलं.

अडले की मी जे करते तेच केलं. मोठा कागद घेतला, मधोमध 'माती' लिहिलं आणि चहूबाजूंनी रंगीत फांद्या काढल्या. माइंड मॅप. टोनी बुझान यांनी 1970च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली, आणि डोक्यातलं भराभर कागदावर ओतायला ती मला आजही आवडते. पण तासाभरानं कागद लांब धरून पाहिला तर काय, 11 फांद्यांना 11 प्रकरणं लटकलेली! तीच यादी, आता गोल बसवलेली. शिवाय सगळ्या रेघा मुक्या. 'माती'पासून 'हवा'पर्यंत हिरवी रेघ गेली होती, पण ती रेघ काय म्हणते हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कॉन्सेप्ट मॅप हा शब्द मी पूर्वी एका शिक्षक-प्रशिक्षणात ऐकला होता. संकल्पना-नकाशा. तेव्हा चौकटी आणि बाणांचं आणखी एक सोंग म्हणून मनातल्या मनात निकालात काढला होता. आता नाइलाजानं पुन्हा वाचायला घेतला, तर त्याची जन्मकथाच ओळखीची वाटली. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांची विज्ञानाची समज वर्षानुवर्षं कशी बदलते याचा अभ्यास करत होते. अभ्यास 12 वर्षं चालला. मुलांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्या शब्दशः उतरवून काढायच्या. कागदांचे गठ्ठे वाढत गेले, पण एखाद्या मुलाच्या समजुतीत नेमका कुठे फरक पडला हे त्या गठ्ठ्यातून दिसेना. तेव्हा 1972मध्ये त्यांनी मुलाचं बोलणं चौकटी आणि बाणांत मांडून पाहिलं. चौकटीत संकल्पना, बाणावर त्यांना जोडणारे शब्द, आणि दोन चौकटी व मधला बाण मिळून वाचता येईल असं एक विधान. म्हणजे ही युक्ती निघाली ती कागदांच्या गठ्ठ्यात अडकलेल्या लोकांकडून. माझं तेच झालं होतं, म्हणून म्हटलं, बघू.

पहिला नियम असा की नकाशाच्या डोक्यावर विषय लिहायचा नाही, प्रश्न लिहायचा. मी लिहिला, 'माती म्हणजे काय?' दोन तासांत सुबक झाड तयार झालं. माती दोन प्रकारच्या घटकांची, त्यांचे पुन्हा प्रकार, त्यांचे उपप्रकार. सगळे बाण वरून खाली, आणि जवळपास प्रत्येकावर 'प्रकार' किंवा 'घटक'. पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानावर शोभलं असतं. 'म्हणजे काय' विचारलं की उत्तरात वर्गीकरणच येतं, हे त्या कागदानं मला शिकवलं. दुसरा प्रश्न लिहायला पूर्ण एक दिवस गेला: 'मूठभर माती सुपीक राहायला काय काय घडत राहावं लागतं?' प्रश्नात 'घडत राहावं' आलं आणि चौकटींमध्ये हालचाल सुरू झाली.

मग चिठ्ठ्या. प्रश्नाच्या उत्तरात येऊ शकेल असा प्रत्येक शब्द एकेका चिकट चिठ्ठीवर लिहून कडेला लावून ठेवायचा. याला पार्किंग लॉट म्हणतात. गाड्या उभ्या आहेत, रस्त्यावर कधी येतील ते नंतर पाहू. माझ्या पार्किंगमध्ये 64 चिठ्ठ्या झाल्या. वाळू, गाळ, चिकणमाती, मूळ खडक, झीज, कुजणं, बुरशी, जिवाणू, सामू, नत्र, स्फुरद, पालाश, निचरा, धूप, पोत, रचना, पोकळ्या... आणि डार्विन. हो, चार्ल्स डार्विन. त्यांनी गांडुळांचं निरीक्षण अनेक वर्षं केलं आणि 1881मध्ये त्यावर पुस्तक काढलं, हा किस्सा मला इतका प्रिय होता की अनुक्रमणिकेत त्याला मी दोन पानं देऊन बसले होते.

अशा नकाशासाठी 15 ते 25 संकल्पना पुरे असं नोव्हाक सांगतात. 64 वरून 23 वर यायला मला चिठ्ठ्या लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. डार्विनची चिठ्ठी मी चार वेळा उचलून चार ठिकाणी लावून पाहिली. प्रत्येक वेळी बाणावर एकच वाक्य येत होतं: यांच्याविषयी लिहिलं. मूठभर माती सुपीक राहायला डार्विन लागत नाही. शेवटी ते एका कोपऱ्यातल्या चार ओळींच्या चौकटीत गेले. वाईट वाटलं, अजूनही थोडं वाटतं.

आता बाण. इथे मी जी अडखळले ती तीन दिवस. आणि त्यातलं निम्मं अडखळणं निव्वळ मराठीमुळे होतं.

इंग्रजीत हे सोपं जातं. तिथे क्रियापद वाक्याच्या मध्यावर येतं, त्यामुळे बाणावर क्रियापद लिहिलं की वाक्य तयार. आपलं क्रियापद शेवटी बसतं. 'माती' या चौकटीपासून 'पाणी' या चौकटीपर्यंत बाण काढला आणि त्यावर 'धरून ठेवते' लिहिलं, तर वाचताना होतं 'माती धरून ठेवते पाणी'. एक बाण असा असला तर काव्यात्म वाटतो. 30 बाण असे असले की आपण एखादं लांबलचक भावगीत वाचतोय असं वाटायला लागतं. दुसरी अडचण प्रत्ययांची. 'गांडूळ' या चौकटीतून 'मुळे' असा बाण निघाला की वाचताना शब्द 'गांडुळांमुळे' व्हायला हवा. चौकटीतला शब्द सामान्यरूपात लिहून ठेवावा, तर त्याच चौकटीतून निघणारा दुसरा बाण चुकतो.

बऱ्याच खाडाखोडीनंतर मी एक पद्धत बसवली आणि तीच आजही वापरते. चौकटीत शब्द मूळ रूपात. बाणाच्या शेपटीजवळ प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय. बाणाच्या टोकाजवळ क्रियापद. वाचताना आधी पहिली चौकट शेपटीच्या शब्दासकट, मग दुसरी चौकट, मग उलटं येऊन टोकाचं क्रियापद. 'गांडूळ', शेपटीला 'मुळे', पुढे 'पोकळ्या', टोकाला 'वाढतात'. गांडुळांमुळे पोकळ्या वाढतात. एकदा डोळ्याला सवय झाली की सहज वाचता येतं.

हे करता करता शाळेत घोकलेला विभक्तीचा तक्ता समोर उभा राहिला. ने, ला, हून, चा, त. दोन गोष्टींमधलं नातं सांगायचं काम आपल्या भाषेत हे इवलेसे प्रत्यय करतात, आणि बाणाचंही तेच काम. मग सहज जुनी अनुक्रमणिका काढून पाहिली आणि स्वतःचंच हसू आलं. मातीचे प्रकार. मातीचे थर. मातीतलं पाणी. मातीतली हवा. अकराच्या अकरा प्रकरणं 'चा' आणि 'तला' यांवर उभी होती. षष्ठीसारखा आळशी प्रत्यय दुसरा नाही. दोन गोष्टींचा काहीतरी संबंध आहे एवढंच ती सांगते आणि काय आहे ते सांगायचं टाळते. त्या दिवसापासून बाणावर 'चा-ची-चे' लिहायला मी स्वतःला बंदी केली. 'शी संबंधित' हे तर त्याहून वाईट. ते लिहिण्यापेक्षा बाण कोरा ठेवलेला बरा.

बंदीचा पहिला फटका फार मोलाचा ठरला. एक बाण होता 'सेंद्रिय पदार्थ' ते 'पोत'. यात विचार करण्यासारखं काय आहे? सेंद्रिय खतानं जमिनीचा पोत सुधारतो, हे वाक्य आपण सगळेच बोलतो, माझ्या कच्च्या मजकुरात ते तीन ठिकाणी होतं. मी ऐटीत 'मुळे सुधारतो' लिहिलं. मग 'पोत' या चौकटीतून दुसरा बाण काढायचा होता: पोत कशावरून ठरतो? माझ्याच टिपणात उत्तर होतं, वाळू, गाळ आणि चिकणमाती यांच्या प्रमाणावरून. आता दोन्ही बाण शेजारी शेजारी. सेंद्रिय पदार्थ टाकल्यानं वाळूचं चिकणमातीशी असलेलं प्रमाण कसं काय बदलेल? पालापाचोळा कुजून वाळू तर होत नाही.

सरांना फोन केला. ते हसले. "पोत बदलायचा तर ट्रक भरभरून वाळू आणून ओता. तुम्ही म्हणताय ती रचना. कण तेच राहतात, ते एकमेकांना कसे धरून बसतात ते बदलतं."

पोत आणि रचना. दोन्ही चिठ्ठ्या माझ्या पार्किंगमध्ये होत्या, दोन्ही शब्द मी वर्षानुवर्षं वापरत होते, आणि दोन्हींचा अर्थ डोक्यात एकच होता. बोलीत 'पोत' हा शब्द जमिनीच्या एकूण तब्येतीसाठी वापरतात, त्यात काही बिघडत नाही. पण मुलांना कणांचं प्रमाण शिकवून पुढच्याच पानावर खतानं ते 'सुधारतं' म्हणणं म्हणजे सरळ घोटाळा. गद्यात ही चूक तीनदा माझ्या नजरेखालून गेली होती. गद्यात तेवढं खपून जातं, एका वाक्यातली थाप दुसऱ्या वाक्याच्या वळणात लपवता येते. दोन बाण शेजारी आल्यावर लपायला जागा उरली नाही.

मग नकाशा भरत गेला, आणि जरा जास्तच भरला. 23 चौकटींमध्ये जोड्या लावायच्या म्हटल्या तर 253 रेघा शक्य आहेत. निसर्गाचा विषय असला की प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध आहेच असं वाटायला लागतं, आणि ते खोटंही नसतं. एका रात्री मी 70च्या पुढे गेले. सकाळी पाहिलं तर सुतळीचा गुंडा मांजरानं खेळून सोडलेला. मग प्रत्येक बाण मोठ्यानं वाचला आणि विचारलं, हा काढला तर वरच्या प्रश्नाच्या उत्तरात भोक पडतं का? 34 उरले.

त्या 34मध्ये एक गोष्ट अशी दिसली की मी खुर्ची मागे सरकवून बघत बसले. सगळ्यात जास्त बाण ज्या चौकटीला लागले होते ती 'पाणी' नव्हती, 'जीव'ही नव्हती. ती होती 'पोकळ्या'. बुरशीचे धागे कणांना बांधून त्यांचे बारके गोळे करतात, त्या गोळ्यांमध्ये पोकळ्या राहतात. गांडूळ बिळं करतं, पोकळ्या वाढतात. मुळं कुजून जातात, त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. वरून भार पडला, पोकळ्या दबतात. आणि पुढे त्याच पोकळ्यांत पाणीही राहतं आणि हवाही. चांगल्या मातीच्या आकारमानात साधारण निम्मा भाग घन असतो, त्यात 45 टक्के खनिज आणि 5 टक्के सेंद्रिय. उरलेला निम्मा भाग नुसत्या पोकळ्यांचा. पाणी जास्त झालं की हवेला जागा उरत नाही आणि मुळं गुदमरतात. म्हणजे 'मातीतलं पाणी' आणि 'मातीतली हवा' ही दोन प्रकरणं नव्हतीच. एकाच घरातले दोन भाडेकरू होते ते, आणि त्यांचं भांडण हीच गोष्ट होती. त्या घराला माझ्या 11 प्रकरणांमध्ये एक ओळही नव्हती.

नकाशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात आडवे जाणारे असे बाण असतात, त्यांना क्रॉस-लिंक म्हणतात. ते शेवटी काढायचे असतात आणि कंटाळा आलेला असतो म्हणून बहुतेक जण ते गाळतात. मीही गाळणार होते.

नवी अनुक्रमणिका 8 प्रकरणांची झाली. तिसरं 'पोकळी', चौथं 'पोकळीतलं भांडण'. सरांना पाठवताना खाली लिहिलं: चौथं प्रकरण चौथं आहे कारण तिसऱ्याशिवाय ते कळणार नाही. त्यांचं उत्तर आलं, 'बरं.' सरांकडून 'बरं' येणं म्हणजे काय, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारा.

एव्हाना कागद फाटायला आला होता. तेव्हा नकाशा संगणकावर घेतला. फ्लोरिडातल्या आयएचएमसी या संशोधन संस्थेनं केलेलं सीमॅपटूल्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. दिसायला जुनाट. पण त्यात एक गोष्ट मला फार पटली. चौकटीतून बाण ओढून सोडला की त्यावर चार प्रश्नचिन्हं उमटतात. तुम्ही शब्द लिहीपर्यंत ती तिथेच बसून असतात. कागदावर कोरा बाण विसरता येतो, ही प्रश्नचिन्हं डोळ्यांत खुपत राहतात. तरीही पहिला नकाशा मी आजही चिठ्ठ्यांवरच करते. संगणकावर चौकटी फार लवकर नीटनेटक्या दिसायला लागतात, आणि नीटनेटकं दिसलं की हलवावंसं वाटत नाही.

इथवर मजकुराचा नकाशा झाला. कामाचा नकाशा करायचं सुचलं ते एका वेगळ्याच वैतागातून. कामाच्या तारखा आम्ही एक्सेलमध्ये लावल्या होत्या. कुणाचं काय, कधीपर्यंत, सगळं ओळीत. तरी चौथ्या आठवड्यात सगळेच थांबून होते. मैत्रीण म्हणे, मजकूर आला नाही. मांडणीवाला म्हणे, चित्रं आली नाहीत. मी म्हणे, किती शब्द लिहायचे ते कुणी सांगेल का? प्रत्येकाचं खरं होतं.

मी नवा कागद काढला. वर प्रश्न: 'पुस्तिका छपाईला जायला कोण कशावर अडून आहे?' चौकटींत कामं लिहिली नाहीत. 'चित्र काढणं', 'मजकूर तपासणं' असं लिहिलं की ती पुन्हा यादी होते, हे आता कळलं होतं. वस्तू लिहिल्या: पोकळीचं चित्र, अंतिम मजकूर, शब्दसूची, पानाचा साचा, सरांची मंजुरी. बाणांवर 'शिवाय सुरू होत नाही', 'बदललं की बदलावं लागतं', 'ची वाट पाहतो'. (षष्ठी इथे चालवून घेतली. वाट पाहण्यात खोटं काही नव्हतं.)

दोन गोष्टी अर्ध्या तासात समोर आल्या. पहिली म्हणजे शब्दसूची. अवघड शब्दांची ही सूची पुस्तिकेच्या शेवटी छापायची, म्हणून एक्सेलमध्येही ती शेवटच्या आठवड्यात होती. नकाशात तिच्यातून तीन बाण निघाले. चित्रांतल्या भागांना नावं काय द्यायची, हे तिच्यावर. मजकुरात 'रंध्रं' लिहायचं की 'पोकळ्या', हे तिच्यावर. आणि शब्द ठरल्याशिवाय सर मंजुरी देणार नव्हते. ज्या वस्तूवर तीन जण अडून होते ती आम्ही दहाव्या आठवड्यात ठेवली होती! दुसऱ्याच दिवशी बसून 40 शब्द ठरवले.

दुसरी गोष्ट जरा अवघड होती. चित्राचा आकार पानाच्या साच्यावर, साचा मजकुराच्या लांबीवर, मजकुराची लांबी चित्रात किती सांगितलं जातंय त्यावर, आणि चित्रात किती मावेल ते चित्राच्या आकारावर. बाणांवर बोट फिरवत गेले आणि निघाले तिथेच परत आले. तारखांच्या तक्त्यात हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे काळ डावीकडून उजवीकडेच जातो. मोठ्या प्रकल्पांसाठी वापरतात ते पर्टसारखे आराखडेसुद्धा अशी वर्तुळं चालवून घेत नाहीत. पर्ट 1958मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तयार झाला, त्यात काम पुढेच जायला हवं, मागे वळायला जागा नाही. आम्ही मात्र गोल फिरत होतो आणि प्रत्येक जण प्रामाणिकपणे पुढच्याची वाट पाहत होता. वर्तुळ एका ठिकाणी तोडावं लागतं. आम्ही सगळी चित्रं अर्ध्या पानाची किंवा पूर्ण पानाची, तिसरा आकार नाही, असं ठरवून टाकलं. मैत्रीण दोन दिवस नाराज होती. पण कामं हलली.

नकाशावर तारखा नसतात, म्हणून एक्सेलही सोडलं नाही. नकाशानं दाखवलं काय आधी, एक्सेलनं दाखवलं कधी.

फजितीही सांगायला हवी. 34 बाणांचा नकाशा मला इतका आवडला होता की ज्या संस्थेसाठी पुस्तिका करत होतो त्यांच्या बैठकीत मी तो भिंतीवर एकदम पूर्ण दाखवला. शांतता. मग एकानं सौजन्यानं विचारलं, "छान आहे. पण हे वाचायचं कुठून?" माझ्यासाठी त्यातला प्रत्येक बाण तीन आठवड्यांच्या भांडणाची आठवण होता, त्यांच्यासाठी ते जाळं होतं. पुढच्या वेळी कोऱ्या फळ्यापासून सुरुवात केली. वर प्रश्न, मग तीन चौकटी, त्या वाचायच्या, मग चौथी. 12 चौकटींवर थांबले, बाकीच्या दाखवल्याच नाहीत.

एक शंका मला मधूनच खात होती. एवढा वेळ नकाशात घालवला, पण विषय खरंच डोक्यात शिरला का? 2011मध्ये कार्पिकी आणि ब्लंट या दोघांचा एक प्रयोग 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. उतारा समोर ठेवून कॉन्सेप्ट मॅप काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, वाचून झाल्यावर तो मिटून आठवून लिहिणाऱ्यांना नंतरच्या चाचणीत जास्त आलं. वाचून जरा खट्टू झाले. मग मुकाट्यानं सगळी पुस्तकं कपाटात बंद केली आणि कोऱ्या कागदावर आठवून नकाशा काढला. 34 पैकी 21 बाण आले. जे आले नाहीत त्यातले बहुतेक नत्र आणि जिवाणूंच्या भागातले, आणि तेच प्रकरण लिहिताना मी सगळ्यात जास्त वेळा खुर्चीतून उठले होते. तेवढा भाग सरांकडून पुन्हा समजून घेतला आणि प्रकरण पहिल्या ओळीपासून परत लिहिलं.

राहता राहिली मुळांची गोष्ट. मैत्रिणीला मी हातानं काढलेल्या नकाशाचा फोटो पाठवला होता, त्यावरून तिनं पोकळीच्या पानाचं कच्चं चित्र काढायचं होतं. संध्याकाळी तिचा फोन.

"अगं, सगळ्या बाणांवर मुळं कशाला काढायची?"

"कुठली मुळं?"

"तूच लिहिलंयस की. सेंद्रिय पदार्थ, बाण, मुळे. बुरशी, बाण, मुळे. गांडुळालापण मुळं?"

बाणांच्या शेपटीजवळचे माझे सगळे 'मुळे' तिनं वनस्पतीची मुळं समजले होते. मातीवरचं पुस्तक, तिचं तरी काय चुकलं! तिनं एका चित्रात चक्क गांडुळाच्या पोटाखालून तंतुमुळं सोडली होती. आम्ही दोघी फोनवर इतक्या हसलो की बराच वेळ कुणालाच काही बोलता येईना. तेव्हापासून माझ्या नकाशात कारण सांगायला 'कारणानं' असतं आणि वनस्पतीला 'मुळं' अनुस्वारासकट.

पुस्तिका अकराव्या आठवड्यात छापून आली, एक आठवडा उशिरा. माझ्या हातात प्रत पडली ती रात्री, आणि मी पानं उलटत पोकळीच्या प्रकरणावर आले. बुरशीच्या धाग्यापासून मातीच्या गोळ्याकडे जाणारा एक छोटा बाण आहे तिथे. मी त्याची प्रुफं तीनदा तपासली होती, सरांनी दोनदा. बाणाच्या शेपटीला, भिंगाखाली धरावी लागतील एवढी बारीक, तिनं तीन मुळं काढून ठेवली होती.